जुना रेडिएटर धुवायला घेतला आणि पाणी लाल आलं

डुगडुगी · शनिवार, सकाळी १०.१५

वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. आरसी बुकात काहीही लिहिलेलं असो, घरात सगळे फियाटच म्हणतात. गेल्या मे महिन्यात मोहोळच्या अलीकडे तिने भर दुपारी वाफ सोडली. रेडिएटरवाल्याने जाळीला नख लावून दाखवलं, पत्रा भुगा होऊन हातात आला. "पापड झालाय, याला कथलाचा डाग धरणार नाही."

मग शोधाशोध. शेवटी जुन्या स्पेअरच्या एका दुकानात सापडला. तांब्या-पितळेचा, दोन्ही टाक्या शाबूत, जाळी बऱ्यापैकी उभी. दुकानदाराने भंगारासारखा किलोवर दिला. मीही घासाघीस करून घेतला.

अंगणात नळी लावली. सुरुवातीला चहाच्या रंगाचं पाणी, पाच मिनिटांत स्वच्छ. मी खूश. मग सहज म्हणून खालचं तोंड बंद करून आत उकळतं पाणी भरलं आणि जाळीवरून हात फिरवला, तर मधे मधे गार पट्टे! खडूने खुणा केल्या. अकरा पाइप गार आहेत. म्हणजे नळीचं पाणी मोकळ्या पाइपांतून पळून जातंय आणि बुजलेले आहेत तसेच.

आता हे कसे उघडू? एक मित्र म्हणतो फरशीचं अ‍ॅसिड ओत. दुसरा म्हणतो कॉस्टिक. आमच्या नळाला पाच दिवसांनी पाणी येतं, बाकी दिवस बोअरवर. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मीटरवर ११०० दाखवतो, तेही सांगून ठेवतो.

कडक भाकरी · शनिवार, १०.३२

बसवून टाक बे. कशाला डोकं लावायलास? हितं माणसाला आंघोळीला पाणी नाही, तू रेडिएटरला न्हाऊ घालायलास.

सदाशिव · शनिवार, १०.५०

अ‍ॅल्युमिनियमचा नवीन बनवून घ्या ना. किती दिवस जुन्याला जुनं जोडणार?

डुगडुगी · शनिवार, ११.०५

@सदाशिव, गाडीच चाळिशीची आहे हो. जुन्याला जुनं जोडण्यातच तर मजा आहे.

दहा-बाराचा पाना · शनिवार, दुपारी १.४०

ट्रकच्या गॅरेजात ३१ वर्षं काढली, म्हणून चार ओळी लिहितो.

बसवून टाक म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. रेडिएटर बाहेर आहे तोवर आतली घाण एकट्या त्याची. बसवलास की ती इंजिनाची झाली. सुटलेली खपली वॉटर पंपात जाणार, नाहीतर थर्मोस्टॅटच्या तोंडात बसणार. आणि औषध पाजायची वेळ आली तर ते इंजिनालाही पाजावं लागणार. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, अ‍ॅल्युमिनियमचं असलं की तिथे ना कडक सोडा चालत, ना कडक अ‍ॅसिड.

आधी घाण कसली आहे ते ओळख. टोपण काढून आत बोट फिरव. बोट तेलकट आलं, साय लागल्यासारखं पिवळट, तर आधीच्या गाडीचं हेड गॅस्केट गेलं होतं आणि तेल पाण्यात आलंय. तांबूस चिखल असेल तर तो ब्लॉकचा गंज. पांढरी खरखरीत साल असेल तर बोअरच्या पाण्याचा क्षार. आपल्या भागात हाच जास्त, घरातल्या गिझरचा रॉड काढून बघ म्हणजे कळेल.

तेलाचा थर असताना अ‍ॅसिड ओतलं तर ते क्षारापर्यंत पोचतच नाही. म्हणून तेल आधी, क्षार नंतर. भांडी घासायचं लिक्विड गरम पाण्यात मिसळून भर, बूच मार, हलव, अर्ध्या तासाने ओत. मग धुण्याचा सोडा, बादलीभर गरम पाण्याला दोन मुठी. तुझा तांब्या-पितळेचा आहे म्हणून सोडा सांगतोय. अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरला तो दाखवायचाही नाही, कॉस्टिक तर लांबच. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं आणि वर हायड्रोजन सोडतं. तांब्याचे रेडिएटर आम्ही कॉस्टिकच्या टाकीत बुडवायचो, पण तसलं काही अंगणात करू नकोस. एक शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा गेला.

पाणी उलटं सोड. गाडीत पाणी वरून खाली जातं, त्यामुळे कचरा वरच्या टाकीत पाइपांच्या तोंडाशी अडकतो. वरून नळी मारून तू तो आणखी ठोसतोयस. खालच्या तोंडाला नळी लाव, रेडिएटर उलटा धर, आला तसा निघेल. बाहेरच्या जाळीलाही तोच न्याय, इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूला पाणी मार. समोरून मारलंस तर किडे आणि माती आत जाऊन बसतात. गाडी धुवायचा प्रेशर पंप जवळ नेऊ नकोस, जाळी आडवी पडते.

फरशीच्या अ‍ॅसिडचं नावही काढू नकोस.

मोलॅरिटी · शनिवार, दुपारी ३.१०

पानाकाकांच्या शेवटच्या ओळीला रसायनशास्त्राकडून +१. फरशीचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते क्षार झटक्यात विरघळवतं हे खरं, पण पितळेतलं जस्तही ओढून काढतं. मागे राहतं ते सच्छिद्र, लालसर, ठिसूळ तांबं. बाहेरून चकचकीत दिसेल आणि महिन्याभराने पाझरेल. सोबत ब्लीच मिसळायची बुद्धी तर कुणाला होऊ नये, क्लोरीन वायू निघतो.

क्षारासाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, घ्या. प्रमाण नंतर लिहिते, आत्ता प्रॅक्टिकलच्या वह्या तपासायच्या आहेत.

डुगडुगी · रविवार, सकाळी ११.२०

साबणाचा हात झाला. थोडासा तवंग आला, फार नाही. मग सोड्याचं गरम पाणी भरलं, दोन्ही तोंडं बंद करून वीस मिनिटं ठेवलं आणि उलटं करून बादलीत ओतलं.

पाणी लालभडक आलं. तांबूस नाही, गढूळ नाही, लाल. फोटो टाकलाय. आई बाहेर येऊन "काय कापलंस रे?" म्हणाली. काका, हे काय आहे? पुढे जाऊ का थांबू?

कडक भाकरी · रविवार, ११.२४

खून केलास बे गाडीचा.

सदाशिव · रविवार, ११.३५

लाल कूलंट असेल आधीच्या मालकाचा, रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात तो.

दहा-बाराचा पाना · रविवार, ११.५०

कूलंट असता तर काल नळीच्या पाण्यातच दिसला असता. गंज असता तर खाली गाळ बसला असता. मला कळेना.

मंगळवेढेकर · रविवार, ११.५८

तांबं विरघळलं का काय? थांबवा राव.

मोलॅरिटी · रविवार, दुपारी १२.१०

तांबं विरघळलं तर पाणी निळं-हिरवं होतं. हे तांबं नाही.

शेंगाचटणी · रविवार, १२.३०

गाडीतलं मला काही कळत नाही, मुलाने फोटो दाखवला म्हणून लिहितेय. डुगडुगी भाऊ, एका वाटीत ते लाल पाणी घ्या आणि वर लिंबू पिळा. काय होतं ते सांगा.

डुगडुगी · रविवार, १२.४१

पिवळं झालं! अक्का, हा काय प्रकार?

शेंगाचटणी · रविवार, १२.४८

हळद आहे हो ती. पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली आणि त्यावर साबण लावला की डाग लाल होतो, कपडे धुणाऱ्या कुणालाही विचारा. हळदीवर चुना पडला की कुंकू. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असून तुम्हा लोकांना हे माझ्याकडून कळावं?

आता रेडिएटरात हळद कुणी आणि कशाला घातली ते तुम्ही बघा.

दहा-बाराचा पाना · रविवार, दुपारी १.१५

अक्का, तुम्हाला दंडवत. हे मला सुचायला पाहिजे होतं. आयुष्यभर बघितलंय आणि ऐनवेळी आठवलं नाही.

रस्त्यात रेडिएटर गळायला लागला, जवळ गॅरेज नाही, तर ड्रायव्हर ढाब्यावरून मूठभर हळद मागून घेतात आणि टोपण काढून आत टाकतात. हळद पाण्यात फुगते, वाहत वाहत भोकाशी जाते आणि तिथे बसते. गळती थांबते, गाडी घरी पोचते. कुणी अंड्याचा पांढरा भाग घालतं. वेळ निभावण्यापुरतं ठीक आहे. पण हळदीला भोक कुठलं आणि पाइप कुठला हे कळत नाही, ती दोन्ही बुजवते. वर क्षाराचा थर चढला की मग सिमेंट. तुझे अकरा गार पाइप का, ते आता कळलं.

आणि डुगडुगी, यातली खरी बातमी वेगळीच आहे. हळद निघाली म्हणजे या रेडिएटरला कुठेतरी भोक आहे. आत्तापर्यंत ते हळदीनेच धरून ठेवलंय. जसजसा धुशील तसतसं ते उघडेल. म्हणून धुऊन झालं की हवेची टेस्ट घेतल्याशिवाय बसवायचा नाही. न धुता बसवला असतास तर तुळजापूरच्या घाटात कळलं असतं.

सदाशिव · रविवार, १.३०

इतकी वर्षं हळदीचा रंग टिकेल?

मोलॅरिटी · रविवार, दुपारी ४.००

वरवरचा नसता टिकला. गोळा होऊन टाकीच्या कोपऱ्यात दडपलेली असेल तर आतला टिकतो. डुगडुगी, बादलीतलं लाल पाणी उद्यापर्यंत ठेवून बघा, सोड्यात तो रंग हळूहळू मरतो.

आता लिंबूसत्त्व. दर लिटर कोमट पाण्याला ५० ते ६० ग्रॅम. तुमचा क्षार बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट आहे, म्हणजे खडूच. १०० ग्रॅम खडू पूर्ण विरघळवायला साधारण १२८ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड लागतं. घरातला व्हिनेगर वापरायचा तर तेवढ्यासाठीच जवळजवळ अडीच लिटर ओतावा लागेल, परवडणार नाही.

एकदा भरून रात्रभर ठेवायचं, हे मात्र करू नका. अ‍ॅसिड संपत आलं की कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ बसतो, आणि हा गाळ गरम पाण्यात आणखीच कमी विरघळतो. म्हणजे एक क्षार काढून दुसरा भरला. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं ठेवा, ओता, ताजं भरा. तोंड घट्ट बंद करू नका, कार्बन डायऑक्साइडला वाट पाहिजे. फसफस थांबली आणि पाण्याला निळसर झाक यायला लागली की थांबा, क्षार संपून अ‍ॅसिड धातूकडे वळलंय. शेवटी खायच्या सोड्याचं पातळ पाणी फिरवून दोन-तीनदा स्वच्छ धुवा.

कडक भाकरी · रविवार, ४.२०

हळद झाली, लिंबू झालं, सोडा झाला. मीठ टाका की, कैरीचं लोणचं होतंय.

वॅगनवाला · रविवार, रात्री ९.०५

अ‍ॅल्युमिनियम कोर आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेला सेकंडहँड रेडिएटर घेतलाय. त्यालाही असंच करू का?

दहा-बाराचा पाना · रविवार, रात्री ९.४०

सोडा नको. साबणाचं कोमट पाणी, आणि क्षार दिसलाच तर लिंबूसत्त्व निम्म्या प्रमाणात, पंधरा-वीस मिनिटं, बस. टाकी आणि कोरच्या मधलं रबर कडक झालं असेल तर तिथून गळणार, आणि त्याला डागही मारता येत नाही. त्यातून हळद निघाली तर परत देऊन ये. तुझ्या गाडीचा नवीन सहज मिळतो.

डुगडुगी · मंगळवार, रात्री ८.५०

आज नळाला पाणी आलं, म्हणून काम पुढे सरकलं.

सोड्याचे अजून दोन हात दिले. दुसऱ्याला पाणी गुलाबी आलं, तिसऱ्याला जवळजवळ पांढरं. खालून नळी लावून उलटं सोडलं तर पिवळ्या-तपकिरी गोळ्या पडल्या, ओल्या पिठासारख्या, बोटाने चुरडल्या तर चिकट. वास विचारू नका. मोलॅरिटी ताई, रविवारचं बादलीतलं लाल पाणी दुसऱ्या दिवशी फिकट मातकट झालं होतं.

मग लिंबूसत्त्व. अर्धा किलो आणलं, तीन वेळा भरलं. पहिल्या वेळी टोपणाच्या तोंडातून सोडा वॉटरसारखा फेस आला. तिसऱ्या वेळी फसफस जवळजवळ नाही आणि पाणी किंचित निळसर. थांबलो.

आता वजन. शनिवारी धुण्याआधी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे पूर्ण सुकवलेला रेडिएटर तोलला होता. आज पुन्हा तोलला, ३८० ग्रॅम कमी! दुकानदाराने मला तांब्या-पितळेच्या भावाने हळद आणि खडू विकला.

गार पट्टे अकरावरून तीनवर आलेत.

दहा-बाराचा पाना · मंगळवार, रात्री ९.३०

छान. आता टेस्ट. दोन्ही तोंडांना जुन्या ट्यूबचं रबर आणि क्लिपा लावून बंद कर. ओव्हरफ्लोच्या नळीतून सायकलच्या पंपाने हवा भर, काटा असलेला पंप घे. टोपणावर जेवढा दाब लिहिलाय तेवढाच. आताच्या गाड्यांची टोपणं ०.९ ते १.१ बारची असतात, म्हणजे १३ ते १६ पौंड. जुन्या गाड्यांची त्याच्या निम्म्याच्या आसपास. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर लावू नकोस, एका फटक्यात टाकी फुगते. मग पाण्यात बुडव आणि बुडबुडे कुठून येतात ते बघ.

डुगडुगी · बुधवार, संध्याकाळी ६.१५

बुडवायला पिंप नव्हतं, शेजारच्यांची जुनी लोखंडी टाकी मागितली. ७ पौंडाला खालच्या टाकीच्या उजव्या कोपऱ्यात, सांध्याच्या रेषेतून, बारीक मोत्यांची माळ. बाहेरून बघितलं तर काही दिसत नाही. इथेच होती हळद.

मंगळवेढेकर · बुधवार, ६.४०

आता कळलं तुमचं ३८० ग्रॅम कशासाठी होतं. वाचतोय, आमच्या ट्रॅक्टरचं बी तापतंय. पण आम्ही कधी हळद-बिळद घातली नाही.

डुगडुगी · शुक्रवार, दुपारी २.००

रेडिएटरवाल्याकडे दोन तास बसून आलो. त्याने गॅसच्या ज्योतीने वरची टाकी उतरवली, तेव्हा सगळ्या चपट्या पाइपांची तोंडं एका ओळीत दिसली. तीन बुजलेलीच होती. पितळेची लांब पट्टी एकेका पाइपातून खालपर्यंत सारली, हळूहळू, पुढे-मागे. तिसऱ्यातून पट्टी निघाली तेव्हा टोकाला पांढरा खडा. मग टाकी बसवली आणि खालच्या कोपऱ्याला जुना डाग खरवडून नवा मारला. म्हणाला, "धुऊन आणलात म्हणून डाग बसला. आत हळद असली की ओल धरते, मग कथील पसरत नाही."

कडक भाकरी · शुक्रवार, २.१०

आता एक काम कर. थर्मोस्टॅट काढून फेक. सोलापूरच्या उन्हात गाडी गरम करायला मशीन कशाला पाहिजे बे? आमच्या मामानं काढलाय, दहा वर्षं झाली.

दहा-बाराचा पाना · शुक्रवार, दुपारी ३.००

हा सल्ला गावोगावी मिळतो आणि गावोगावी चुकीचा आहे. थर्मोस्टॅट इंजिन तापवत नाही. ठरलेल्या तापमानापर्यंत तो दार बंद ठेवतो, मग उघडतो. काढून टाकला की हिवाळ्यात सकाळी इंजिन थंडच फिरतं, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओल राहते. काही इंजिनांत तर तो नसला की बरंचसं पाणी बायपासनेच फिरत राहतं, रेडिएटरकडे कमी जातं, मग उन्हात उलट जास्त तापतं. शंका असेल तर पातेल्यातल्या पाण्यात उकळून बघ, उघडतोय का. उघडत नसेल तर नवा टाक. रिकामी जागा ठेवू नकोस.

कडक भाकरी · शुक्रवार, ३.०५

मामाला सांगतो. ऐकणार नाही.

सदाशिव · शुक्रवार, ३.३०

आणि कूलंट कशाला? तिथे काही बर्फ पडत नाही.

मोलॅरिटी · शुक्रवार, संध्याकाळी ५.२०

बर्फासाठी नाही, गंजासाठी आणि उकळण्यासाठी. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, साधं पाणी इथे ९८ अंशांच्या थोडं वरच उकळतं. टोपणाचा ७ पौंड दाब धरला तर साधारण ११० पर्यंत जातं, निम्मं कूलंट मिसळलं की त्याहून वर. पण डुगडुगी, तुमच्या रेडिएटरला शिशा-कथलाचे डाग आहेत, तेव्हा जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट घ्या. नव्या, दीर्घकाळ चालणाऱ्या कूलंटांपैकी काही या डागांना नीट सांभाळत नाहीत.

पाणी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड घ्या. मागताना स्पष्ट सांगा, नाहीतर बॅटरीत घालायचं अ‍ॅसिड हातात देतील. बोअरचं घातलंत तर ही सगळी आंघोळ दोन वर्षांनी पुन्हा.

शेंगाचटणी · शुक्रवार, ५.४५

आणि जुनं कूलंट कुणी गटारीत, अंगणात ओतू नका. चवीला गोड असतं म्हणतात, कुत्री चाटतात आणि मरतात.

डुगडुगी · रविवार, रात्री १०.१०

काल बसवला. वरचा आणि खालचा होज पाइप नवा, क्लिपा नव्या. थर्मोस्टॅट पातेल्यात उकळून बघितला, उघडतोय. टोपण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, हवा गुडगुडत बाहेर आली, कमी झालेलं भरलं, मग टोपण लावलं.

आज सकाळी आईला घेऊन तुळजापूरला गेलो. घाटात पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे मी, दुसऱ्या गिअरवर. काटा अर्ध्याच्या थोडा वर गेला आणि तिथेच थांबला. देवळापाशी उतरून गाडीखाली वाकलो, तर आई म्हणाली, "आधी देवीला वाक." ड्रेन कॉकमधून एक थेंब लोंबत होता. परत येईपर्यंत थेंब एकच. वॉशर बदलतो उद्या.

येताना त्या स्पेअरच्या दुकानात थांबून ३८० ग्रॅमचा हिशोब सांगितला. म्हणाला, हळदीचे पैसे लावले नव्हते, ते राहिलेत.

दहा-बाराचा पाना · रविवार, १०.३०

कॉकला वॉशर फायबरचा घाल. आणि पहिले पंधरा दिवस रोज सकाळी, इंजिन गार असताना, टोपण काढून पाणी बघ. गरम असताना टोपणाला हात लावायचा नाही, आमच्या गॅरेजात एका पोराचा चेहरा भाजलाय.

मंगळवेढेकर · सोमवार, सकाळी ७.५०

काल ट्रॅक्टरचा रेडिएटर उतरवून सोड्याचं पाणी भरलं. लाल आलं. वडिलांना विचारलं तर नुसतेच हसायलेत.